एका बाजूनेच झिजलेला पॅड

मोटरसायकलचे ब्रेक पॅड बदलले की गॅरेजवाला जुने पॅड कोपऱ्यातल्या डब्यात फेकतो. फेकू देऊ नका. मागून घ्या. घरी आणून दोन्ही पॅड शेजारी-शेजारी ठेवा आणि त्यांची जाडी बघा. सारखे झिजले असतील तर खुशाल कचऱ्यात टाका. पण एक पार लोखंडाला टेकलेला आणि दुसरा जवळजवळ कोरा असेल, तर नवी जोडी बसवून तुमच्या गाडीचं काहीही दुरुस्त झालेलं नाही असं समजा. ज्या कारणाने जुनी जोडी अशी वाकडी झिजली, ते कारण गाडीत तसंच बसलेलं आहे. आता ते नवी जोडी खाईल.

मी शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. चिपळूणच्या बाजूला उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. सासर कराडचं, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून कुंभार्ली घाट चढणं-उतरणं ठरलेलं. चढताना हेळवाकपर्यंत इंजिन बोलतं. उतरताना पोफळीपर्यंत ब्रेक बोलतो. मागे बायको, मध्ये मुलगी, टाकीवर कराडहून दिलेली शेंगदाण्याची पिशवी, आणि पावसाळ्यात वळणावर साचलेला तांबडा चिखल. या रस्त्यावर पुढचा ब्रेक काय बोलतो ते नीट ऐकावं लागतं.

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीची पॅडची पहिली जोडी अठरा हजार किलोमीटर चालली. दुसरी सात हजारांतच संपली. संपली म्हणजे काय, घाटात उतरताना लोखंडावर लोखंड घासल्याचा करकर आवाज यायला लागला. गॅरेजमध्ये चाक वर उचलून पॅड काढले, तर पिस्टनकडच्या पॅडवर मसाला औषधालाही उरला नव्हता, आणि चाकाकडच्या पॅडवर दोन-तृतीयांश शिल्लक होता. मी विचारलं, असं का? मिस्त्री म्हणाला, “नॉर्मल आहे सर, पिस्टनकडचा आधीच जातो.” नवी जोडी बसवली, पैसे घेतले, पुढची गाडी ओढली.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच ते घातक होतं. पिस्टनकडचा पॅड किंचित जास्त झिजतो, हे खरं. पण किंचित. एक संपून दुसरा निम्म्याहून जास्त उरतो, याला नॉर्मल म्हणत नाहीत. मी जुनी जोडी पिशवीत घालून घरी आणली. बायकोने विचारलं, हे काय आणलंत? म्हटलं, उत्तरपत्रिका.

हा ब्रेक चालतो कसा, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेबलावर एक पुठ्ठा उभा धरला आहे असं समजा. तो पुठ्ठा म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क. तुमचा हात म्हणजे कॅलिपर. आता अंगठा पुठ्ठ्याच्या एका बाजूला आणि तर्जनी दुसऱ्या बाजूला ठेवा. अट अशी की फक्त तर्जनी हलवायची, अंगठा ताठ. तर्जनीने पुठ्ठा दाबला, की पुठ्ठा हलत नसल्यामुळे तुमचा हातच मागे सरकतो आणि अंगठा आपोआप पुठ्ठ्याला येऊन चिकटतो. दोन्ही बाजूंनी सारखा दाब. आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या, पुढे डिस्क असलेल्या बहुतेक गाड्यांचा ब्रेक असाच आहे. पिस्टन एकाच बाजूला असतो, आणि दुसऱ्या बाजूचा पॅड दाबण्यासाठी अख्खा कॅलिपर सरकतो. तो सरकतो दोन गुळगुळीत पिनांवर. पिनांवर रबरी टोपणं असतात, त्यांना बूट म्हणतात. आत थोडं ग्रीस.

आता तुमचं मनगट कुणी टेबलाला बांधून टाकलं अशी कल्पना करा. तर्जनी दाबेल, पण हात सरकणार नाही. अंगठा पुठ्ठ्यापर्यंत पोचणारच नाही. सगळा भार एका बोटावर. पिना जाम झाल्या की नेमकं हेच होतं. पिस्टनकडचा पॅड एकटा राबतो, झिजून मरतो, आणि चाकाकडचा नवा कोरा बसून राहतो. शिवाय एका बाजूने ढकलली गेलेली डिस्क थोडी वाकते, म्हणून लिव्हर नेहमीपेक्षा आत जाते आणि गाडी मात्र उशिरा थांबते. मला घाटात लिव्हर मऊ लागत होती, ती यामुळे.

पण पिस्टनकडचा पॅड जास्त झिजण्याला हे एकच कारण नसतं. पिस्टनला वेढून एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि ते सील थोडं पिळलं जातं. लिव्हर सोडली की सील आपल्या जागी येतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. डिस्क ब्रेकला मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग नसते, तेवढं काम ते सीलच करतं. पिस्टनवर गंज किंवा चिखलाचा थर चढला की तो मागे येत नाही, आणि पॅड दिवसभर डिस्कला घासत राहतो. तुम्ही ब्रेक दाबा अथवा नका दाबू. दोन्ही दुखण्यांत पिस्टनकडचाच पॅड जातो. रोग दोन, लक्षण एक. इथे नुसता पॅड बघून भागत नाही, तपासावं लागतं.

बी.एड.ला असताना आम्हाला एक प्रकरण होतं, नैदानिक कसोटी. संपादन कसोटी आणि नैदानिक कसोटी यांतला फरक परीक्षेत हमखास यायचा आणि आम्ही तो पाठ करून लिहायचो. पहिलीत कळतं की मुलाला किती गुण पडले. दुसरीत कळतं की ते का पडले. वर्गात उभं राहिल्यावर या ओळींचा अर्थ लागला. आमच्या शाळेतलं मूल मराठीत “ते घर मोठा आहे” लिहितं. लाल शाईने काट मारून दोन गुण कापता येतात, आणि पुढच्या परीक्षेत ते मूल पुन्हा तेच लिहितं. त्याच्या घरच्या भाषेला लिंगं दोनच आहेत, मराठीला तीन. नपुंसकलिंग नावाची गोष्ट त्याने कधी ऐकलेलीच नाही, हे ज्याला समजलं तोच तिथे काही करू शकतो. ‘ळ’चा ‘ल’ होतो त्यामागेही आळस नाही, घरच्या बोलीत तो आवाज नाही. नुसती फेरपरीक्षा घेत राहणं आणि नुसते पॅड बदलत राहणं, मला तरी एकाच जातीचं वाटतं.

तर मी ती पिशवी घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथला कारागीर आमच्याच शाळेतला. वडील आखातातून आजारी होऊन परतले आणि याने नववीत शाळा सोडली. पहिली तीन वर्षं उस्तादाच्या हाताखाली पाने पुसले, आता बावीस-तेविसाव्या वर्षी स्वतःचं शटर आहे. शुक्रवारी दुपारी शटर बंद असतं, हे माहीत असल्यामुळे मी शनिवारी गेलो.

त्याने गाडीला हात लावला नाही. आधी पिशवीतले दोन्ही पॅड काढले, वर्तमानपत्रावर ठेवले, आणि ते गाडीत ज्या दिशेने बसतात तसे फिरवले. मग चाकाकडचा, म्हणजे कमी झिजलेला, पॅड माझ्यासमोर आडवा धरला. मला तो आतापर्यंत सपाट दिसत होता. नीट बघितल्यावर कळलं, त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा पातळ होती.

“सर, वरून येतोय, खालून नाही. खालची पिन जाम आहे.” आणि मग हसून म्हणाला, “खोलने से पहले लिख के रखो.”

मी खरंच वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवलं: खालची.

त्याचा तर्क सरळ होता. दोन्ही पिना सारख्या जाम असत्या, तर चाकाकडचा पॅड डिस्कला लागलाच नसता आणि तो सरसकट कोरा राहिला असता. पण तो एका कडेला झिजला होता. म्हणजे कॅलिपर एका टोकाने सरकत होता आणि दुसऱ्या टोकाला अडकून तिथे दारासारखा फिरत होता. जे टोक सरकतं तिथे पॅड लागतो, जे अडकतं तिथे लागत नाही. पॅडची पातळ कड मोकळ्या पिनेकडे बोट दाखवते, जाड कड जाम पिनेकडे. आणि पिस्टन? तोही त्याने वगळला नाही, तपासला. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं, हाताने फिरवलं. फिरलं. ब्रेक दाबून सोडला, पुन्हा फिरवलं. लगेच मोकळं फिरलं. पिस्टन मागे येत नसता तर चाक जड लागलं असतं. मग कॅलिपर हातात धरून आत-बाहेर हलवला. वरून थोडा हलला, खालून दगड.

खोलल्यावर वरची पिन बोटाने निघाली. खालची पकडीत धरून पिळून काढावी लागली, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर चहाच्या रंगाचा वाळलेला थर होता. मी नखाने खरवडून बघितला. गंज होताच, पण त्यात बारीक, मऊ, पिठासारखी मातीही होती. ती माती चिपळूणमध्ये सगळे ओळखतात.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं त्या दिवशी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सगळ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी उतरलं आणि गाळ राहिला. भांड्यांत, गाद्यांत, पुस्तकांत, कुलपांच्या भोकांत. नंतरचे कित्येक दिवस प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांची रांग होती. इंजिनातलं ऑइल दोनदा-तीनदा बदलायचं, एअर फिल्टर फेकायचा, प्लग पुसायचा, सुरू झाली की पुढची गाडी. मेकॅनिक रात्री दोनपर्यंत काम करत होते, काहींनी गरिबांकडून पैसे घेतले नाहीत. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते ना, मग ब्रेक ठीक. त्या दिवसांत याहून जास्त कुणी बघणं शक्यही नव्हतं. माझ्या गाडीच्या खालच्या पिनेच्या बुटाला सुईएवढी चीर होती, ती आता दिसली. तिच्यातून गाळ आत गेला, दर पावसाळ्यात थोडं पाणी गेलं, आणि पिन हळूहळू आपल्या भोकात रुतत गेली. पुराचं नुकसान पंचनाम्यात लिहिलं जातं ते असं नसतं. हे दोन-तीन वर्षांनी घाटात वर येतं.

दुरुस्ती मोठी नाही, पण ती कशी करतात याला महत्त्व आहे, कारण इथे बऱ्याच ठिकाणी घाई होते. पिन पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून परत घालायची, ही पहिली घाई. पिनेवर मुलामा असतो, पेपर मारला की तो जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येतो. खड्डे पडलेली पिन बदलावीच. माझी बदलली, दोन्ही बूटही बदलले. हे सगळं मिळून पॅडच्या एका जोडीपेक्षा कमी पैशात झालं. दुसरी घाई म्हणजे हाताला लागेल ते ग्रीस भरणं. चेनला, बेअरिंगला लावतात ते साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं, ब्रेकच्या रबराला ते चालत नाही. रबर फुगतं आणि आठवड्याभरात नवी पिन पुन्हा घट्ट. रॉकेलने किंवा पेट्रोलने कॅलिपर धुणंही याच कारणासाठी वाईट. इथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं, तेही पातळसं. ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन पूर्ण बसत नाही.

पिस्टन मागे ढकलायच्या आधी त्याचा बाहेर आलेला भाग त्याने पुसून स्वच्छ केला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, घाण पिस्टन आत ढकलला तर ती घाण सीलमध्ये जाते, मग आज नाही पण सहा महिन्यांनी दुसरा रोग. पिस्टन मागे जाताना वर हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं, ते सांडू देऊ नये, रंगाची वाट लावतं. ते ऑइल बघितलं तर काळपट झालं होतं. या ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते हवेतला ओलावा शोषणारं द्रव्य आहे. डॉट-४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की उष्णता वाढते, ऑइलला उकळी फुटली की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, पुढे ढकलत नाही. लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी तशीच पळते. म्हणून घाटात गिअर खाली ठेवून इंजिनावर गाडी रोखत उतरायचं, आणि दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. कोकणातल्या हवेत तर मी एक दिवसही वर जाऊ देणार नाही.

एक गोष्ट रागाने सांगतो. अनेक गॅरेजमध्ये पॅड काढले की कॅलिपरवर कॉम्प्रेसरची हवा मारतात. काळ्या धुळीचा ढग उडतो, आणि पाना पकडायला ठेवलेलं चौदा-पंधरा वर्षांचं पोर तोंड उघडं ठेवून समोर बसलेलं असतं. ब्रेकच्या मसाल्यात पूर्वी सर्रास अॅस्बेस्टॉस असायचं, आणि पॅडच्या पाकिटावर काय लिहिलंय ते कोण वाचतं? ओल्या चिंधीने पुसायला हवेइतकाच वेळ लागतो. या कारागिराने चिंधीने पुसलं. त्याच्या उस्तादाला म्हातारपणी दम्याने घेरलं, एवढंच तो म्हणाला.

कुणी म्हणेल, आता नव्या गाड्यांना एबीएस आलंय, ही कटकट कशाला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, चांगलंच आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. चाकाकडचा पॅड कामावर हजर आहे की नुसती सही करून बसला आहे, हे त्याला कळत नाही. त्यासाठी बघावंच लागतं. पॅडमध्ये मधोमध चर असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. टॉर्च घेऊन कॅलिपरच्या फटीतून दोन्ही पॅडची चर बघता येते, चाक खोलावं लागत नाही. फक्त वरून दिसणारा एकच पॅड बघून उठू नका. माझ्या गाडीत वरून वाकून बघितलं की आधी दिसायचा तो कोराच. डिस्कची किमान जाडीही डिस्कवरच कोरलेली असते, आणि लोखंडाला लोखंड घासलेलं असेल तर डिस्क दोन्ही बाजूंनी बोटाने चाचपावी. माझ्या डिस्कवर एका बाजूला रेघा पडल्या होत्या, पण जाडी मर्यादेच्या आत होती, तेवढ्यावर निभावलं.

सगळं बसवल्यावर मी किल्ली घ्यायला हात पुढे केला, तर त्याने दिली नाही. आधी लिव्हर सात-आठ वेळा दाबली. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दोन-तीन दाबांना लिव्हर रिकामी जाते. ती घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नाही. “पॅड बदलून गॅरेजमधून निघाला आणि समोरच्या भिंतीवर गेला, असे बघितलेत मी,” तो म्हणाला. मग स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि मला सांगितलं की पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड बसू द्या. घाट आठवड्याने करा.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा गेलो. काही बिघडलं नव्हतं, फक्त बघायचं होतं. पाच हजार किलोमीटर झाले होते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर मी विज्ञानाच्या सरांकडून मागून नेलं होतं. मसाल्याची जाडी पिस्टनकडे ३.४ मिलिमीटर, चाकाकडे ३.७, आणि वरची कड-खालची कड सारखी. कारागिराने व्हर्निअर हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, कसं वाचायचं ते विचारलं, आणि दुसऱ्यांदा स्वतः मोजलं. त्याचंही ३.४ आलं. मग दोन्ही पिना पुसल्या, बोटावर थोडं ग्रीस घेतलं, आणि म्हणाला, ऑइल मार्चमध्ये बदलू, तोपर्यंत चालेल.